'बीपी नॉर्मल आलं' म्हणून गोळी बंद केली? बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना या गोष्टी माहीत हव्यातच

रिद्धपूर. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं गाव. गोविंदप्रभूंचं गाव म्हणून महानुभाव पंथात याला मोठा मान आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्राचं काम इथेच केलं आणि आता मराठी भाषा विद्यापीठही इथेच सुरू झालंय. दर्शनाला लांबून भाविक येतात, मुक्काम करतात. त्यात साठी-सत्तरीचे लोक भरपूर असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या पिशवीत बीपीच्या नाहीतर हार्टच्या गोळ्यांची स्ट्रिप असते.

आता होतं काय, की चार दिवसांच्या गोळ्या आणलेल्या असतात आणि मुक्काम आठ दिवसांचा होतो. किंवा स्ट्रिप घरीच राहते. मग माणूस म्हणतो, "राहू द्या, चार दिवस नाही घेतली तर काय होते?"

बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टर या प्रश्नावर वैतागतील. पण बीपी आणि हृदयाच्या गोळ्यांमधला एक गट असा आहे, जिथे 'चार दिवस नाही घेतली' हे थेट हार्ट अटॅकपर्यंत जाऊ शकतं. त्या गटाचं नाव बीटा ब्लॉकर.

या गोळ्या नेमकं काय करतात, त्या कुणाला देतात, त्यांच्यासोबत काय टाळायचं आणि त्या बंद करायच्याच असतील तर कशा, हे सगळं एकेक करून समजून घेऊ.

आपण बीटा ब्लॉकर घेतोय हे ओळखायचं कसं?

गोळीचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. त्यावरून काही कळत नाही. स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. त्याच्या शेवटी 'लॉल' येत असेल, तर तो बहुतेक वेळा बीटा ब्लॉकरच असतो.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल, लॅबेटालॉल. ही आपल्याकडे नेहमी दिसणारी नावं.

अनेकदा ही औषधं दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असतात. अ‍ॅम्लोडिपिन आणि अटेनोलॉल एकत्र, किंवा टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एकत्र. त्यामुळे 'मी तर फक्त बीपीची एक गोळी घेतो' म्हणणाऱ्याच्या पोटातही बीटा ब्लॉकर जात असतो आणि त्याला ते माहीत नसतं.

अजून एक जागा आहे, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. काचबिंदूसाठी डोळ्यात टाकायचे टिमोलॉलचे थेंब. हाही बीटा ब्लॉकरच. डोळ्यातून थोडं औषध रक्तात जातं. दमा असलेल्या किंवा नाडी आधीच मंद असलेल्या माणसाला त्याचाही त्रास होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांना गोळ्या सांगताना थेंबही सांगायचे.

या गोळ्या शरीरात करतात काय?

अचानक कुत्रं अंगावर आलं की छाती धडधडते, हात थरथरतात. हे काम अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याच्यासारख्या रसायनांचं. ही रसायनं पेशींवरच्या ठराविक जागांवर जाऊन बसतात आणि हृदयाला 'जोरात चाल' असा हुकूम देतात. या जागांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असतात, ही मांडणी १९४८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी केली.

मग स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी विचार केला, की हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखत असेल, तर रक्त वाढवण्यापेक्षा हृदयाचं काम कमी केलं तर? बीटा नावाच्या त्या जागाच अडवून ठेवायच्या. यातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं. ब्लॅक यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे बीटा ब्लॉकर घेतल्यावर हृदय सावकाश आणि कमी जोराने चालतं. त्याला प्राणवायू कमी लागतो. बीपी उतरतं.

बीटा-१ जागा मुख्यतः हृदयात असतात, बीटा-२ फुप्फुसाच्या नळ्यांमध्येही असतात. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल ही औषधं जास्त करून हृदयावरच काम करतात. प्रोप्रॅनोलॉल आणि कार्व्हेडिलॉल दोन्हीकडे काम करतात. दम्याच्या रुग्णासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. तो पुढे येईलच.

ही गोळी देतात कुणाला?

हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी झालेलं असेल तर. इथे या गोळ्यांचा फायदा सगळ्यात भक्कम आहे. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटवरचे दोन मोठे अभ्यास आले आणि २००१ मध्ये कार्व्हेडिलॉलवरचा. तिन्हींमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी झालं.

हृदयाचे ठोके अनियमित किंवा फार जलद असतील तर. चालताना छातीत दुखत असेल तर. हार्ट अटॅकनंतर. मायग्रेन वारंवार होऊ नये म्हणून, थायरॉइड वाढल्यावरच्या धडधडीसाठी आणि हात थरथरण्याच्या काही आजारांतही.

आणि नुसतं बीपी असेल तर? एकेकाळी ही पहिल्या पसंतीची गोळी होती. मग अभ्यासांतून दिसलं, की फक्त बीपी असलेल्यांमध्ये, विशेषतः वय झालेल्यांमध्ये, पक्षाघात टाळायला अटेनोलॉलपेक्षा इतर औषधं सरस ठरतात. ब्रिटनने २००६ मध्ये नुसत्या बीपीसाठी बीटा ब्लॉकर पहिल्या पायरीवरून खाली आणला. आपल्याकडे २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. त्यातही सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा औषधांनी होते, बीटा ब्लॉकरने नाही.

पण याचा अर्थ 'माझी गोळी चुकीची आहे' असा लगेच काढू नका. तुम्हाला बीपीसोबत छातीत दुखणं, धडधड, जुना अटॅक असं काही असेल, तर डॉक्टरांनी तीच गोळी मुद्दाम निवडलेली असू शकते. पुढच्या भेटीत सरळ विचारा, "ही गोळी मला बीपीसाठी आहे की हार्टसाठी?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं.

अचानक बंद केली तर काय होतं?

बीटाच्या जागा रोज अडवून ठेवल्या, की शरीर त्यावर उपाय शोधतं. ते अशा जागांची संख्या वाढवतं आणि त्या जास्त संवेदनशील होतात. गोळी चालू असते तोवर हे जाणवत नाही. गोळी अचानक थांबली, की अडवणारं कुणी नाही आणि जागा मात्र वाढलेल्या. नेहमीचंच अ‍ॅड्रेनॅलिन आता दुप्पट जोराने लागू पडतं.

नाडी धावते, बीपी उसळतं, छातीत दुखायला लागतं. हृदयाच्या नळ्यांमध्ये आधीच अडथळा असेल, तर अटॅक येऊ शकतो. १९७० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल अचानक थांबवलेल्या रुग्णांमध्ये डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. तेव्हापासून अमेरिकेत यातल्या काही गोळ्यांच्या माहितीपत्रकावर 'अचानक बंद करू नका' हा इशारा ठळक चौकटीत छापतात.

म्हणून बंद करायची असेल तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात. साधारण एक ते दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. त्या काळात जड काम, धावपळ कमी ठेवायची.

आता लोक गोळी बंद का करतात ते पाहू. कारणं ठरलेली आहेत.

'बीपी नॉर्मल आलं.' अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय.

'उपवास आहे.' उपवासाला पाण्यासोबत गोळी घेता येते. फक्त कार्व्हेडिलॉल खाण्यासोबत घ्यायची असते, नाहीतर उठताना चक्कर येऊ शकते. तेव्हा उपवासाच्या दिवशी ती फराळासोबत घ्यावी.

'ऑपरेशन आहे.' नियमित चालू असलेला बीटा ब्लॉकर ऑपरेशनच्या आधी सहसा थांबवत नाहीत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

'गोळ्या संपल्या.' यावर उपाय एकच. स्ट्रिपमध्ये सात-आठ गोळ्या उरल्या, की नवी आणायची. गावाला, यात्रेला जाताना मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त गोळ्या घ्यायच्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा. परगावच्या मेडिकलमध्ये तीच कंपनी मिळेलच असं नाही. पण औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि गोळीचा प्रकार तोच असेल तर अडचण नाही. मेटोप्रोलॉल घेताना हे नीट पाहा. 'सक्सिनेट' सावकाश सुटणारी, दिवसातून एकदा घ्यायची. 'टार्ट्रेट' दिवसातून दोनदा घ्यायची. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

एखाद्या वेळची गोळी विसरली तर? आठवल्यावर घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर विसरलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच नाही.

'ही गोळी निरुपयोगी आहे' असं रीलमध्ये सांगतात ते खरं का?

अर्धं खरं. आणि अर्धं खरं जास्त धोक्याचं असतं.

२०२४ मध्ये स्वीडन, एस्टोनिया आणि न्यूझीलंडमधल्या ५,०२० रुग्णांचा अभ्यास आला. अटॅक येऊनही ज्यांच्या हृदयाचं पंपिंग चांगलं होतं, त्यांच्यात बीटा ब्लॉकर घेणारे आणि न घेणारे यांच्यात फारसा फरक दिसला नाही. २०२५ मध्ये स्पेन आणि इटलीतल्या मोठ्या अभ्यासातही साधारण असंच चित्र होतं. रील बनली ती इथून.

पण त्याच २०२४ मध्ये फ्रान्समधला अभ्यासही आला. त्यात ३,६९८ रुग्ण होते. अटॅक येऊन बराच काळ लोटलेला, पंपिंग चांगलं, गोळी आधीपासून चालू. त्यांच्यापैकी निम्म्यांची गोळी थांबवली. मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा हृदयाच्या त्रासाने दवाखान्यात भरती, यातलं काहीतरी गोळी थांबवलेल्यांमध्ये २३.८ टक्के लोकांना झालं आणि चालू ठेवलेल्यांमध्ये २१.१ टक्के लोकांना. म्हणजे बंद करणं तितकंच सुरक्षित आहे, हे काही सिद्ध झालं नाही.

शिवाय पंपिंग कमी असलेल्यांचा या अभ्यासांशी संबंध नाही. त्यांच्यासाठी ही गोळी आजही जीव वाचवणारी आहे. तुमचं पंपिंग किती, हे इकोच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. रीलमध्ये नाही.

अशीच दुसरी अफवा अटेनोलॉलबद्दलची. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अत्यावश्यक औषधांची नवी यादी काढली आणि २६ औषधं त्यातून वगळली. त्यात अटेनोलॉल होतं. 'बंदी आली' असे मेसेज फिरले. पण यादीतून वगळणं म्हणजे बंदी नाही. अटेनोलॉल आजही मिळतं आणि ते घेणाऱ्यांनी एका मेसेजवरून थांबवायचं नाही.

कुणी जास्त जपायचं?

दमा असलेल्यांनी. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी श्वासनलिका आकसून दम्याचा झटका येऊ शकतो. डॉक्टर नवे असोत की जुने, दमा आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

शुगर असलेल्यांनी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना साखर फार उतरली, की एरवी धडधडतं, हात कापतात. बीटा ब्लॉकर ही लक्षणं झाकून टाकतो. घाम येणं मात्र झाकलं जात नाही. त्यामुळे विनाकारण दरदरून घाम फुटला तर साखर तपासा. मशीन जवळ नसेल तर थांबू नका, साखर किंवा गूळ खा.

ज्यांची नाडी आधीच मंद आहे किंवा ईसीजीत हृदयाचा ब्लॉक सांगितलाय, त्यांनी.

गरोदर असलेल्या किंवा तसा विचार करणाऱ्या महिलांनी. गरोदरपणात अटेनोलॉल सहसा टाळतात. बीपीसाठी लॅबेटालॉल वापरतात. पण बदल डॉक्टरच करतील.

आणि वऱ्हाडातल्या लोकांनी उन्हाळ्यात. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं नवं नाही. उन्हात शरीर थंड ठेवायला हृदयाला जास्त रक्त कातडीकडे पाठवावं लागतं. बीटा ब्लॉकर हृदयाचा वेग वाढू देत नाही, त्यामुळे ऊन लवकर लागू शकतं. दुपारचं काम टाळा, पाणी पीत राहा. हार्ट फेल्युअर असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

फवारणी करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नाडी मंद करू शकतात आणि बीटा ब्लॉकरही नाडी मंद करतो. फवारणीनंतर त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं, तर कीटकनाशकाच्या डब्यासोबत गोळ्यांची स्ट्रिपही न्या.

कशासोबत घ्यायची नाही?

व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही हृदयाचीच औषधं आहेत, पण बीटा ब्लॉकरसोबत नाडी धोकादायक मंद करू शकतात. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांच्या बाबतीत हा घोळ होतो. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवा आणि दर वेळी सगळ्या दाखवा.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये फिनाइलेफ्रिन असतं, त्यानेही वाढतं. बीपीची गोळी चालू आहे हे मेडिकलवाल्याला आधी सांगायचं.

आणि संत्र्याचा रस. हो, वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात हे वाचून कुणालाही नवल वाटेल. २००५ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. त्यात लोकांना तीन दिवस, दिवसातून तीनदा २०० मिली संत्र्याचा रस देऊन अटेनोलॉल दिलं. रक्तात पोहोचणारं औषध सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. रसातले घटक आतड्यातून औषध आत जाण्याची वाट अडवतात. म्हणून संत्री सोडायची गरज नाही. गोळी साध्या पाण्यासोबत घ्या आणि रस प्यायचाच तर काही तासांनी प्या.

परीक्षेच्या, स्टेजच्या भीतीसाठी घेतली तर?

हातपाय कापू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल घेण्याचा सल्ला रीलमध्ये सर्रास दिसतो. डॉक्टर काही जणांना ती देतातही. पण दमा, मंद नाडी, कमी बीपी तपासल्याशिवाय मित्राच्या स्ट्रिपमधली गोळी घेणं हा जुगार आहे. ही चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी गोळी आहे. तिरंदाजी आणि नेमबाजीत तर ती उत्तेजक द्रव्यांच्या बंदीत येते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉलमुळेच गेली होती.

त्रास होतोय हे कसं ओळखायचं?

सुरुवातीचे काही आठवडे थकवा, हातपाय गार पडणं, उठताना चक्कर, विचित्र स्वप्नं हे होऊ शकतं. बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं. काही पुरुषांना लैंगिक अडचण येते आणि लाजेपोटी ते न सांगता गोळीच सोडतात. सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

घरी नाडी मोजायला शिका. पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा. ३० सेकंद ठोके मोजून दुप्पट करा. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण एक मिनिट मोजा. ही गोळी घेणाऱ्यांची नाडी ५५-६० असणं बऱ्याचदा अपेक्षितच असतं. ५० च्या खाली जात असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, धाप वाढली, तर लगेच कळवा.

आणि छातीत दाब, शुद्ध हरपणं, श्वास घेता न येणं किंवा नाडी फार मंद होऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. लहान मुलाने गोळी गिळली, तरीही तेच. त्याला बरं दिसत असलं तरी.

थोडक्यात काय?

स्ट्रिप उलटी करून 'लॉल' आहे का बघा. असेल तर ती गोळी कशासाठी आहे, हे डॉक्टरांना विचारा. वेळेवर घ्या, संपण्याआधी आणा. बंद करावीशी वाटली, तर कारण डॉक्टरांना सांगून हळूहळू बंद करा.

घरात आईबाबा, आजी-आजोबा ही गोळी घेत असतील, तर आज एवढंच करा. त्यांच्या डब्यात किती दिवसांच्या गोळ्या उरल्यात, ते मोजा.